सातव्या खांबाची मुंडी

थांबा जरा. फोटो मग काढा, आधी चपला नीट घाला. फळ्यांच्या फटीत टाच अडकली की माणूस तोंडावर आपटतो, आणि वर पुन्हा पुलालाच नावं ठेवतो.

तर हा सरवळी नदीवरचा लोखंडी पूल. खडकवळच्या बाजूनं मोजलं तर दोन्ही अंगांना अकरा-अकरा उभे खांब, त्यांच्यामध्ये तिरपे पट्टे, वर लोखंडाची जाळी, आणि खाली पूर्वी रूळ होते तिथं आता सागाच्या फळ्या. छोटी गाडी बंद झाली त्याला सोळा वर्षं झाली. रूळ उचलून नेले, पूल तेवढा राहिला. मग त्याला हा निळा रंग फासला, कठडे लावले आणि फिरायची वाट केली. सकाळी म्हातारे येतात, संध्याकाळी पोरी सायकली घेऊन येतात. त्या पाटीवर पुलाची लांबी, वजन, सगळं लिहिलंय. पण या डाव्या हाताच्या सातव्या खांबापाशी गावातला प्रत्येक माणूस का थांबतो, ते काही लिहिलेलं नाही.

खांबाच्या पोटाला ही वीतभर उंचीची अरुंद खिडकी दिसते ना? आणि हा साखळीला अडकवलेला हातोडा? एकानं बाहेरून या गोल मुंडीवर हातोडा मारायचा. दुसऱ्यानं खिडकीतून हात घालून आतल्या अंगाला बोट लावून ठेवायचं. मारणाऱ्यानं विचारायचं, "बोलतो का?" बोट ठेवणाऱ्यानं नीट अंदाज घ्यायचा आणि म्हणायचं, "मुका." मगच पुढं पाऊल टाकायचं. आणि हे दोघं एकमेकांच्या नात्यातले असून चालत नाही. नवरा-बायको आली तर बायकोनं दुसऱ्याच कुणाला तरी हाक मारायची. हसू नका. खडकवळची माणसं संशयी, हे चार तालुक्यांत ठाऊक आहे. इथं सोयरीक ठरली तरी मुलीचा बाप मुलाकडची विहीर उपसून बघतो. पण हा संशय ज्या बाईकडून आला, तिचं ऐकून घ्या आणि मग काय हसायचं ते हसा.

तिचं नाव हौसा. इंग्रजी अमदानीतली, माझ्या आज्याच्या बापाच्या वेळची गोष्ट. हौसाचा नवरा केरबा. त्याच्या आधीची चार भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आईनं याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून परत उचलला आणि केरबा नाव ठेवलं, म्हणजे यमाला वाटावं की हा केरच आहे, ह्याला कशाला न्यायचा. एवढं करून भागलं असतं, पण पोरगा पायाळू. पायांकडून जन्मलेला. पायाळू माणसावर वीज पडते, जमिनीतलं धन त्याला दिसतं, आणि मोठ्या बांधकामाला बळी लागला तर पायाळूचाच लागतो, असं तेव्हा घरोघर बोलत. हौसा लग्न होऊन आली तेव्हा सासूनं किल्ल्या नंतर दिल्या, आधी ही भीती तिच्या ओटीत घातली. सासू गेली, भीती राहिली. ढग आले की हौसा नवऱ्याला झाडाखालून ओढून आणायची. कुणी त्याला प्रसाद दिला तर आधी स्वतः खाऊन बघायची. गाव तिला चिडवायचं, आणि ती गावाला म्हणायची, "तुमचं काय जातंय? कुंकू माझं हाय."

अशा बाईचा नवरा नेमका पुलाच्या कामावर लागला. नदीच्या दोन्ही काठांनी लोखंड येऊन पडलं होतं. कामावर मुकादम होता इस्माईल, रत्नागिरीकडचा, गलबतांना आणि आगबोटींना पत्रे ठोकण्यात हयात गेलेला. पूल म्हणजे नुसते पत्रे आणि पट्टे. त्यांना एकमेकांशी धरून ठेवतात ती रिपिटं, म्हणजे हे जाड खिळे. लाल करून छिद्रात घालायचे, आतून एकानं लोखंडी ठोकळा टेकून धरायचा आणि बाहेरून दुसऱ्यानं घणानं चेपायचे. त्या खिळ्याच्या गोल टोकाला मुकादम मुंडी म्हणायचा. आता खडकवळमध्ये मुंडी दोनच गोष्टींना म्हणतात, कोंबड्याच्या डोक्याला नाहीतर माणसाच्या. इथंच सगळा घोळ झाला.

पूल उभा राहिला. दोन दिवसांनी चाचणीची गाडी यायची होती. त्या संध्याकाळी केरबा फुशारकीतच घरी आला, असं सांगतात.

"हौसे, मुकादमानं आज सगळ्यांदेखत मलाच निवडलं," तो म्हणाला. "सातव्या खांबाला एक मुंडी कमी पडलीय. ती बसल्याबिगर पूल गाडी घेणार न्हाई."

हौसाचं थालीपीठ तव्यावर तसंच राहिलं. "मग तुमचा काय संबंध?"

"अगं, त्यानं सुतळीनं माझा दंड मोजला, खांदा मोजला. म्हणाला, तूच बसशील. उद्या सकाळी उपाशीपोटी ये, अंगाला तेल चोळून ये. आणि काम झालं की परवा मला पहिल्या वाघिणीत बसवणार हायेत."

"वाघिणीत?"

"मग! मान हाय तो."

तेल चोळून, उपाशीपोटी, सुतळीनं मोजून. बोकडालासुद्धा याहून वेगळं काय करतात? हौसानं तवा उतरवला. शेजारच्या गोदाक्काकडं गेली आणि सगळं सांगितलं. आता गोदाक्कानं समजूत घालायची की नाही? पण गोदाक्काला गावात काही घडावं याची कायम आस. तिनं कानाला हात लावले आणि म्हणाली, "वाघीण म्हंजे नदीतली देवी गं बाई. पुलानं तिचं अंग झाकलं. तिला पायाळूच लागणार." मालगाडीच्या डब्याला रेल्वेवाले वाघीण म्हणतात, हे तेव्हा खडकवळमध्ये कुणाला माहीत असणार? गाडीच कुणी पाहिली नव्हती.

सकाळी केरबा तेल चोळून निघाला, तेव्हा हौसा म्हणाली, "बळदात घूस शिरलीय वाटतं, तेवढी बघून जा." बळद म्हणजे भिंतीतली धान्य साठवायची अंधारी खोली. केरबा वाकून आत गेला आणि हौसानं बाहेरून कडी घातली. तो आतून ओरडला, दार बडवलं. तिनं कडीत खुंटी ठोकली, कमरेला विळा खोचला आणि नदीची वाट धरली.

पुलावर भट्टी पेटलेली होती. मुकादमानं तिला येताना पाहिलं आणि विचारलं, "बाय, केरबा खंय?"

"घरी हाय आणि घरीच राहणार," हौसा म्हणाली. तिचा हात कमरेच्या विळ्यावर होता. "मुंडी पाहिजे ना तुमास्नी? माझी घ्या. पर आधी जो फुडं येईल त्याची मी घेईन."

गँगमधले वीस-पंचवीस गडी खो-खो हसायला लागले. एकानं तर भट्टीचा भाताच सोडून दिला. मुकादम मात्र हसला नाही. दर्यावर राहिलेल्या माणसाला भ्यालेलं माणूस ओळखता येतं. त्यानं थैलीतून एक रिपीट काढलं, तिच्यासमोर फळीवर ठेवलं आणि म्हणाला, "ही मुंडी. आणि ही जागा." सातव्या खांबात आतल्या अंगाला एका रिपिटाची मुंडी तुटली होती. नवं बसवायचं तर या खिडकीतून कुणाचा तरी हात खांद्यापर्यंत आत जायला हवा होता. गँगमध्ये सगळ्यात बारीक हात केरबाचा. पोट भरलेला माणूस फळीवर पालथा पडला की त्याला श्वास पुरत नाही, म्हणून उपाशी. हात सरकावा म्हणून तेल.

हौसानं रिपीट उचललं, फिरवून फिरवून बघितलं, दातानं चावूनसुद्धा बघितलं म्हणे. मग तिनं मुकादमाच्या हातातली सुतळी घेतली, केरबाच्या दंडाचं माप खिडकीला लावलं आणि म्हणाली, "ह्यांचा हात जात न्हाई हितनं. अडकला असता. तुमी मापसुदिक धड घेतलं न्हाई." मुकादमानं पाहिलं, तर खरंच बोटभर जास्त होतं. गडी हसायचे थांबले.

मग तिनं स्वतःचा हात लावून पाहिला. हात जात होता, बांगड्या जात नव्हत्या.

आता ऐका. हिरव्या चुड्याची सवाष्ण बाई, नवरा जिवंत, आणि बांगड्या वाढवायच्या. आजही बाईच्या काळजात धस्स होतं, तेव्हाचं तर विचारूच नका. पण हौसाला एकच दिसत होतं. हा खिळा बसला नाही तर उद्या मुकादम दुसरी काहीतरी युक्ती काढणार, आणि ती पुन्हा केरबावरच येणार. तिनं उजवा हात लोखंडी पट्ट्यावर ठेवला आणि दगडानं बांगड्या वाढवल्या. डोळे पुसले नाहीत. तेल लावलं, फळीवर पालथी पडली आणि हात खांद्यापर्यंत आत घातला.

काठावर धुणं धुणाऱ्या बायकांनी लांबून एवढंच पाहिलं, की हौसानं पुलावर बांगड्या फोडल्या. केरबा गेला! गोदाक्का ऊर बडवत गावात शिरली आणि तिनं केरबाच्या दारातच गळा काढला. बळदात बसलेल्या केरबाला आपल्याच नावाचा हंबरडा ऐकू आला. त्यानं आतून आरोळी ठोकली, "अगं गोदाक्का, मी जिता हाय! कडी काढ!" तर बायका किंचाळत रस्त्यावर पळाल्या. शेवटी वाटेनं जाणाऱ्या एका धनगरानं खुंटी उपटली, म्हणून तो बाहेर आला आणि तेलकट अंगानिशी पुलाकडं धावत सुटला.

इकडं पुलावर हौसाचा हात आत चाचपडत होता. नवं रिपीट कुठं धरायचं, ते बोटांनी शोधता शोधता ती थांबली. "मुकादम, बाहेरून मारा बघू एक." मुकादमानं शेजारच्या चांगल्या रिपिटावर हातोडा मारला. "हे हलतंय," ती म्हणाली. "बोटाला कळतंय." मुकादमानं त्याच्या शेजारचं वाजवलं. तेही हललं. त्या जोडावर चौदा रिपिटं होती. एक तुटलेलं. उरलेल्या तेरांपैकी अकरा बोलत होती. आतून टेकू न लावता नुसतं बाहेरून चेपलेलं रिपीट बोटाला असं बोलतं, आणि घट्ट बसलेलं मुकं असतं. हे शब्द मुकादमाचे, आमच्याकडं तेव्हापासून राहिले.

मुकादम आठ दिवस तापानं झोपून होता. त्या आठ दिवसांत ठेकेदारानं घाई करून हा जोड ठोकून घेतला होता. आत हात जात नाही म्हणून आतलं कुणी बघितलंच नव्हतं. बाहेरून रंग चढला, सगळं झक्क.

ठेकेदार तिथंच होता, छत्री घेऊन. तो म्हणाला, "बाईमाणसाच्या बोटाला काय कळतंय? उद्या गाडी येणार म्हणजे येणार. काढ हात."

"न्हाई काढत."

"हात काढ म्हणतो ना!"

"उद्या पयल्या वाघिणीत कोन बसणार हाय?" हौसानं विचारलं. मुकादम म्हणाला, "रीत हाय बाय. ज्यांनी बांधला ते पहिल्या डब्यात बसतात. मी, केरबा, ही सगळी गँग."

एवढ्यात केरबा धापा टाकत आला. त्यानं आधी फळीवरच्या हिरव्या काचा पाहिल्या, मग बायकोचं तोंड. "हौसे, हात काढ. गाव हसतंय आपल्याला. मला बळदात कोंडलंस, बांगड्या वाढवल्यास, आता काय ऱ्हायलंय?"

"तुमी उद्या ह्याच्यावरनं जाणार," ती पालथी पडल्या पडल्याच म्हणाली. "मग मी आज हात काढू व्हय? जवर ह्यो बोलतोय तवर माझा हात हितंच. गाडी आणायची तर माझ्या खांद्यावरनं आणा."

ऊन चढलं. हौसाचा हात आत सुजला. केरबा तिच्या डोक्यावर पंचा धरून बसला. त्याला राग होता, लाज होती, आणि पंचा धरलेला हात खाली घेववत नव्हता. दुपारी मुकादम इस्माईलनं आपला हातोडा फळीवर ठेवला आणि म्हणाला, "मी ह्यो पूल पास केलाय असं कुठं सांगणार नाय. आणि पहिल्या डब्यातही बसणार नाय." त्याच्या पाठोपाठ गँगमधल्या एकेका गड्यानं हातोडा खाली ठेवला. सकाळी हसणारेच सगळे. ठेकेदारानं हिशेब केला असेल मनात. बांधणारी माणसं पहिल्या डब्यात दिसली नाहीत, तर चाचणी बघणारा साहेब काय विचारेल, हे त्याला ठाऊक होतं. सूर्य कलला तेव्हा तो म्हणाला, "काय करायचं ते करा."

तरी हौसानं हात लगेच काढला नाही. म्हणाली, "आधी ठेकेदाराला हितनं जाऊ द्या." ठेकेदार पुलावरून उतरून पार काठावर गेल्यावरच तिनं तूप लावून हात बाहेर ओढू दिला. खांद्याची सालटी निघाली होती.

चाचणी पुढं ढकलली. पुढचे तीन दिवस सैल रिपिटं तोडून नवी बसवली. आतला टेकू एकट्या हौसानं धरला, कारण तो हात दुसऱ्या कुणाचा जाईना. तापल्या लोखंडाची धग ठोकळ्यातून तळव्यात उतरायची. तिच्या उजव्या तळव्यावर गोल डाग पडले होते, ते मरेपर्यंत गेले नाहीत, असं सांगतात. चौथ्या दिवशी दगडांनी भरलेली गाडी आली. पहिल्या वाघिणीत मुकादम आणि केरबा. हौसा सातव्या खांबापाशी, आत बोट लावून. पूल गडगडला, रूळ थरथरले, नदीतले पक्षी उडाले. वाघीण शेजारून जात असताना ती एवढ्या मोठ्यानं ओरडली, की गाडीच्या आवाजातसुद्धा केरबाला ऐकू गेलं, "मुका हाय वं, मुका!"

कासाराला पुलावरच बोलावून तिनं पुन्हा हिरव्या बांगड्या भरल्या.

पण संशय काय फिटतो? केरबा पुढं याच लाइनीवर चावीवाला झाला. रोज सकाळी पहिल्या गाडीच्या आधी रूळ, खिळे तपासत चालत जायचं, हे चावीवाल्याचं काम. मीही तेच केलं, या लाइनीवरचा शेवटचा चावीवाला मीच. केरबा सातव्या खांबाशी आला की हौसा तिथं उभी असायची, बांगड्या दंडावर सरकवून. तो हातोडा मारायचा, विचारायचा, "बोलतो का?" ती म्हणायची, "मुका. जावा आता." गाव म्हणायचं, बाईचं डोकं फिरलंय. तो चिडायचा, हसायचा, पुढं जायचा. एकतीस वर्षं. भांडण झालं, अबोला झाला, तरी तेवढे दोन शब्द दोघं बोलायचेच.

मग एका अश्विनात हौसा तापानं गेली. दिवस झाल्यावर केरबा कामावर आला. सातव्या खांबाशी थांबला, हातोडा मारला आणि सवयीनं विचारलं, "बोलतो का?"

कोण बोलणार?

त्याला पुढं जाता येईना. त्याचा स्वतःचा हात तर खिडकीत कधीच जात नव्हता. त्यानं लाल झेंडा धरला आणि तिथंच उभा राहिला. गाडी आली, पुलाच्या तोंडाशी थांबली. ड्रायव्हरनं शिट्टी मारली, उतारू खाली उतरले, कुणी शिव्या दिल्या, कुणी म्हणालं म्हातारा गेला कामातून. केरबा नुसता हातोडा धरून उभा. शेवटी बाजाराला निघालेली एक लसूणवाली डब्यातून उतरली. तिचं नाव-गाव कुणाला ठाऊक नाही. तिनं पाटी खाली ठेवली, केरबाचं तोंड बघितलं, बाही वर केली आणि खिडकीत हात घातला.

"वाजवा मामा."

त्यानं वाजवलं. "बोलतो का?"

बाईनं घाई केली नाही. "थांबा, नीट कळंना. परत वाजवा." त्यानं परत वाजवलं. तिनं डोळे मिटले, बोट दाबून धरलं आणि म्हणाली, "मुका हाय मामा. जाऊ द्या गाडी."

केरबा खांबाला धरून ढसाढसा रडला. मग त्यानं हिरवा झेंडा दाखवला. दुसऱ्या दिवशी डब्यातून दुसरंच कुणी उतरलं. तिसऱ्या दिवशी तिसरं. ड्रायव्हर आपणहून गाडी थांबवायला लागला. नात्यातला माणूस लळ्यापोटी मुका म्हणून टाकेल, परका नीट बघतो. म्हणून परकाच पाहिजे, असं केरबा म्हणायचा. मला वाटतं, त्याला हौसाच्या जागी कुणी ओळखीचं उभं राहिलेलं सोसत नसावं. खरं काय ते त्यालाच ठाऊक.

हे इथं असं आहे. पुलाची वाट केली तेव्हा शहरातून इंजिनिअर आले. कागद दाखवला, पूल शंभर वर्षं हलणार नाही म्हणाले. गावानं कागद वाचला आणि म्हटलं, छान आहे, आता बाही वर करा. आजही खडकवळचं माणूस इथं कुणाचं तरी बोट लागल्याशिवाय पलीकडं जात नाही. नवी नवरी, शाळेतल्या पोरी, परवा तर ग्रामसेवक मोटारसायकल लावून थांबला होता.

या, ताई. तुम्ही माझ्या कुणी लागत नाही ना? मग या मागं. घड्याळ काढून ठेवा, अडकतं. हात अजून आत, हां, तिसरी मुंडी, तिथं बोट लावा. आणि माझ्याकडं बघून हसत हसत सांगू नका. मला बरं वाटावं म्हणून तर मुळीच सांगू नका. माझी नात रोज संध्याकाळी सायकल घेऊन इथनं जाते.

लागलं बोट? मारतो.

बोलतो का?